तिप्पट म्हणजे तीन की चार?

एका तालुक्यात शंभर विहिरी आहेत आणि शेजारच्या तालुक्यात तीनशे. एवढीच गोष्ट इंग्रजीत सांगायची, तर तीन वाटा आहेत. पहिली 'थ्री टाइम्स ॲज मेनी वेल्स ॲज'. दुसरी 'थ्री टाइम्स द नंबर ऑफ वेल्स'. तिसरी 'थ्री टाइम्स मोर वेल्स दॅन'. विहिरींऐवजी पाणी मोजायचे असेल तर 'मेनी'च्या जागी 'मच' येईल, बाकी घडण तीच. पहिल्या दोन वाटांबद्दल कोणाची तक्रार नाही. तिसरीवरून मात्र व्याकरणाच्या आणि संपादनाच्या जगात चांगलेच रण माजलेले आहे.

आक्षेप साधा आहे. 'मोर' म्हणजे अधिक. शंभराहून तिप्पट अधिक म्हणजे शंभर तर आहेतच, शिवाय वर तीनशे, एकूण चारशे. ज्याला तीनशे म्हणायचे आहे त्याने 'मोर दॅन' म्हणू नये, 'ॲज मेनी ॲज' म्हणावे. हा आक्षेप घेणारे लोक अडाणी नाहीत. त्यांच्या बाजूने इंग्रजीतलाच भक्कम दाखला आहे. 'टू इंचेस टॉलर' म्हटले की दोन इंच हा दोन उंचींमधला फरक असतो. 'टेन रुपीज मोर' म्हटले की दहा रुपये हा फरक असतो. तुलनेच्या रूपाआधी जे माप येते ते फरकाचे माप. मग 'थ्री टाइम्स मोर' मधले 'थ्री टाइम्स' हेच तेवढे फरकाचे माप का नसावे?

तर्क बिनतोड दिसतो. पण भाषेतला प्रश्न नुसत्या तर्काने सुटत नाही, तिथे साक्षीपुरावा लागतो. लिहिणाऱ्याने हे शब्द वापरले तेव्हा त्याच्या मनात तीन होते की चार, हे कसे ओळखायचे? माणूस तर निघून गेला. मला या प्रश्नाचा नाद लागला तो याच टप्प्यावर, कारण इथे एक सुंदर सोय आहे. काही लेखकांनी वाक्याबरोबर गणितही मागे ठेवले आहे. वाक्य संदिग्ध असेल, गणित नसते. या लेखात मी अशाच काही साक्षीदारांना पुढे बोलावणार आहे.

घडी, पदर आणि खेप

आधी शब्दांकडे पाहू. इंग्रजीत वारंवारता सांगणारे 'वन्स', 'ट्वाइस', 'थ्राइस' हे तीन जुने शब्द आहेत. त्यांच्या शेवटी ऐकू येणारा 'स' हा जुन्या षष्ठी विभक्तीचा अवशेष. चारपासून पुढे असे शब्द टिकले नाहीत, म्हणून 'फोर टाइम्स', 'फाइव्ह टाइम्स' असे म्हणावे लागते. 'टाइम' हा शब्द या कामावर येण्यापूर्वी प्राचीन इंग्रजीत तिथे 'सीथ' हा शब्द होता. त्याचा मूळ अर्थ प्रवास, फेरी. तीन वेळा म्हणजे तीन फेऱ्या. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपणही 'पहिल्या खेपेला', 'दोन खेपा झाल्या' असे म्हणतो, आणि खेप म्हणजे फेरीच.

दुसरे कुळ घडीचे. 'थ्रीफोल्ड' मधला 'फोल्ड' म्हणजे घडी. लॅटिनमधल्या 'ड्युप्लेक्स', 'ट्रिप्लेक्स' यांच्या शेपटीतही घडी घालण्याचाच धातू आहे. आणि आपला 'पट' म्हणजेही घडी किंवा पदर. दूरदूरच्या या भाषांना गुणाकार सांगायला वस्त्राचीच आठवण झाली. ही आठवण नीट पाहिली तर आपल्या प्रश्नावर थोडा उजेड पडतो. तिपदरी दोरात एकूण पदर तीन असतात. मूळचा एक आणि वर तीन, असे कोणी मोजत नाही. घडीच्या आणि खेपेच्या दोन्ही कुळांत मोजणी एकूणाची आहे, वाढीची नाही.

आता तुलनेचे शब्द. 'ॲज' हा प्राचीन इंग्रजीतल्या 'अगदी तसेच' अशा अर्थाच्या जोडशब्दाचा झिजून उरलेला तुकडा. त्याच शब्दाचा कमी झिजलेला तुकडा म्हणजे 'ऑल्सो'. 'ॲज मेनी ॲज' म्हणजे 'तेवढेच जेवढे', आणि 'थ्री टाइम्स ॲज मेनी ॲज' म्हणजे 'तेवढे, तीन खेपा'. ही रचना स्वच्छ आहे, कारण समानता हीच तिची एकक-मोजपट्टी आहे. 'दॅन' हा मात्र 'देन'चा सख्खा भाऊ. त्यात आधी एक, मग दुसरा, असा क्रम आहे. क्रम सांगणाऱ्या शब्दावर गुणाकार लादला की तो किती वजन पेलेल, हाच वादाचा मुद्दा.

गॅलिलिओची साक्ष

ग्रीक गणितींनी ही दोन कामे वेगळी ठेवली होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सामोसच्या ॲरिस्टार्कसने सूर्य आणि चंद्र यांच्या अंतरांची तुलना केली. त्याचा निष्कर्ष असा, की सूर्याचे अंतर चंद्राच्या अंतराच्या अठरापटीहून अधिक आणि वीसपटीहून कमी आहे. त्याचा आकडा आजच्या मापाने चुकीचा, खरे प्रमाण चारशेच्या आसपास. पण वाक्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. 'पट' हे काम एका शब्दाचे, 'अधिक-कमी' हे काम दुसऱ्याचे. आधी पट काढायची, मग तिच्याहून जास्त की कमी ते सांगायचे. गोंधळाला जागाच नाही.

लॅटिन लिहिणारे इतके काटेकोर राहिले नाहीत. १६१० च्या मार्च महिन्यात व्हेनिसमध्ये गॅलिलिओचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. गुरूचे चार चंद्र, आपल्या चंद्रावरचे डोंगर आणि आकाशगंगेतले असंख्य तारे यांची बातमी देणारे हे पुस्तक. त्यात तो आपल्या दुर्बिणींची ताकद सांगतो. पहिल्या दुर्बिणीतून वस्तू तिप्पट जवळ आणि नऊपट मोठ्या दिसत. दुसरीतून साठपटीहून मोठ्या दिसू लागल्या. शेवटी जी दुर्बीण साधली तिच्यातून वस्तू जवळजवळ हजारपट मोठ्या आणि तीसपटीहून जवळ दिसत. 'मोठ्या' आणि 'जवळ' या दोन्हींसाठी त्याने तुलनेचीच रूपे वापरली आहेत. इंग्रजी भाषांतरकारांनीही ती 'टाइम्स लार्जर', 'टाइम्स निअरर' किंवा 'टाइम्स क्लोजर' अशी उतरवली.

आता गणित बोलू द्या. तिप्पट जवळ आलेली वस्तू लांबीला तिप्पट आणि रुंदीला तिप्पट दिसते. तीन त्रिक नऊ. गॅलिलिओचे 'नऊपट मोठे' हे क्षेत्रफळाचे माप आहे आणि ते बरोबर नऊ आहे, दहा नाही. शेवटच्या दुर्बिणीचेही तेच. तीसाचा वर्ग नऊशे. अंतर तीसपटीहून थोडे अधिक घटले म्हणजे क्षेत्रफळ हजाराच्या घरात जाते. दोन्ही आकडे एकमेकांना टेकून उभे आहेत. 'तिप्पट जवळ' या शब्दांची तर वाढीच्या अर्थाने फोडच करता येत नाही. नव्वद हात अंतरातून त्याच्या तिप्पट, म्हणजे दोनशे सत्तर हात, वजा करून दाखवा! तिप्पट जवळ म्हणजे एक तृतीयांश अंतरावर, एवढाच अर्थ शक्य आहे.

या साक्षीतून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती तीन-चारच्या वादाहून मोठी आहे. 'मोठे' म्हणजे कशात मोठे? लांबीत, क्षेत्रफळात की घनफळात? याचे उत्तर व्याकरण देत नाही. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरच्या सफरीत हाच विनोद गणिताने केला आहे. लिलिपुटचे दरबारी गणिती गलिव्हरची उंची मोजतात आणि ती त्यांच्याशी बारास एक या प्रमाणात असल्याचे ठरवतात. त्यावरून त्याचा शिधा किती लिलिपुटवासीयांएवढा हवा, याचा हिशेब होतो. बारा गुणिले बारा गुणिले बारा म्हणजे १७२८. काही आवृत्त्यांत हा आकडा १७२४ असा छापला गेला आहे, तो भाग वेगळा. 'बारापट मोठा माणूस' एवढेच कोणी म्हटले असते, तर कोठीवाल्याने शिधा बारापट द्यायचा, एकशे चव्वेचाळीसपट की सतराशे अठ्ठावीसपट? स्विफ्टने 'टाइम्स' टाळून 'प्रमाण' हा शब्द घेतला आणि उंचीचे नाव स्पष्ट घेतले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

चंद्राचे पडणे

दुसरा साक्षीदार न्यूटन. त्याचा 'प्रिन्सिपिया' १६८७ साली लॅटिनमध्ये निघाला. अँड्र्यू मॉट याने केलेले इंग्रजी भाषांतर १७२९ साली, न्यूटनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आले. तिसऱ्या खंडातल्या चौथ्या प्रमेयात न्यूटन विचारतो, की चंद्राला कक्षेत धरून ठेवणारे बल आणि फळ जमिनीवर पाडणारे बल एकच आहे काय? चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे साठ त्रिज्यांवर आहे. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असेल तर पृथ्वीच्या पृष्ठभागावर ते चंद्राजवळच्यापेक्षा साठ गुणिले साठ इतके मोठे हवे. मॉटच्या इंग्रजीत इथे सरळ 'टाइम्स ग्रेटर दॅन' असे आहे.

आता पुढचा हिशेब. चंद्राची कक्षेतली गती काढून घेतली तर तो एका मिनिटात सुमारे पंधरा पॅरिस फूट पृथ्वीकडे पडेल. तेच बल जमिनीवर ३६०० पट असेल, तर इथली वस्तू एका मिनिटात पंधराच्या ३६०० पट फूट पडेल. पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाने वाढते आणि मिनिटात साठ सेकंद असतात, म्हणून एका सेकंदात ती वस्तू पुन्हा पंधराच फूट पडेल. हायगेन्सने लंबकाच्या साहाय्याने काढलेला आकडा जवळजवळ तेवढाच होता. आकाश आणि जमीन यांना एका नियमात बांधणारा हा हिशेब. यात 'साठ गुणिले साठ टाइम्स ग्रेटर' म्हणजे ३६००. एक अधिक ३६०० नव्हे.

वाद घालणारा म्हणेल, ३६०० काय आणि ३६०१ काय! आणि त्याचे हे म्हणणे मोलाचे आहे. या संदिग्धतेचे एक वैशिष्ट्य त्यात दडले आहे. पट जेवढी मोठी तेवढी ही संदिग्धता निरुपद्रवी. हजारपट आणि एक हजार एकपट यांच्यातला फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. दहापट आणि अकरापट यांत दहा टक्क्यांचा फरक पडतो. दुप्पट आणि तिप्पट यांत मात्र दीडपटीचा. खगोलशास्त्रज्ञांनी ही रचना बेफिकिरीने वापरली, कारण त्यांचे आकडे आकाशाएवढे होते. जिथे आकडा दोन, तीन, चार एवढाच असतो, म्हणजे पगार, भाव, भाडे, औषधाची मात्रा, तिथेच नेमका घोटाळ्याला वाव असतो.

दोन पाणी-कंपन्या

तिसरा साक्षीदार डॉक्टर आहे. १८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला होता. जॉन स्नो यांचे म्हणणे होते की हा रोग दुर्गंधीतून नव्हे, पाण्यातून पसरतो. दक्षिण लंडनच्या अनेक वस्त्यांत दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी होते. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहरातल्या गटारांनी नासलेले थेम्सचे पाणी देई. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या बाजूला, थेम्स डिटनला, हलवला होता. एकाच रस्त्यावर, एकाच हवेत, एका घरात एक पाणी आणि शेजारच्या घरात दुसरे. स्नो यांनी मेलेल्यांची घरे आणि त्यांचे पाणी यांची जुळणी केली.

५ ऑगस्टपर्यंतच्या चार आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या घरांत २८६ मृत्यू होते आणि लॅम्बेथच्या घरांत १४. नुसत्या आकड्यांचा भागाकार केला तर वीसपट येते. स्नो तसे म्हणत नाहीत. पहिल्या कंपनीची घरे ४०,०४६ होती, दुसरीची २६,१०७. दर दहा हजार घरांमागे त्यांनी मृत्यू काढले. ते ७१ आणि ५ आले, म्हणजे चौदापट. सात आठवड्यांच्या मोठ्या तक्त्यात १,२६३ मृत्यूंविरुद्ध ९८ होते. दहा हजार घरांमागे ३१५ विरुद्ध ३७. याला त्यांनी आठ आणि नऊ यांच्या दरम्यानची पट म्हटले. भागाकार केला तर साडेआठ येतात.

व्याकरण पाहा. दोन्ही ठिकाणी स्नो यांनी 'टाइम्स ॲज' हीच रचना घेतली आहे, 'टाइम्स मोर' नाही. त्यांनी ती व्याकरणाच्या भीतीने घेतली की सवयीने, याची चर्चा व्यर्थ आहे. पण समजा त्यांनी 'मोर' म्हटले असते आणि वाचणाऱ्याने फरक मोजला असता, तर? ३१५ उणे ३७ म्हणजे २७८, आणि २७८ ला ३७ ने भागले की साडेसात. एकाच तक्त्यातून साडेआठ आणि साडेसात असे दोन निकाल निघाले असते, तर आधीच संशयाने पाहणाऱ्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले असते. स्नो यांचे वाक्य असे आहे की ते वाचून कोणीही तक्त्याकडे जावे, भागाकार करावा आणि तोच आकडा घेऊन परत यावे. आकडेवारीच्या गद्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

नियम येतो कुठून?

मग 'टाइम्स मोर' चूक आहे, हा नियम कुठून आला? इंग्रजी व्याकरणाला नियमांची शिस्त लावण्याचे मोठे काम अठराव्या शतकात झाले. रॉबर्ट लाउथ हे पुढे लंडनचे बिशप झालेले विद्वान. त्यांचे छोटेखानी व्याकरण १७६२ साली निघाले. लिंडली मरे यांचे व्याकरण १७९५ साली, आणि त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. तुलनेच्या रूपांवर या मंडळींची बारीक नजर होती. एकाच विशेषणाला दोनदा तुलनेचे रूप देऊ नये, ही शिस्त त्यांनी लावली. गंमत अशी, की स्तोत्रांच्या जुन्या भाषांतरात परमेश्वराला उद्देशून आलेले दुहेरी उत्तमवाचक रूप लाउथ यांनी माफ केले. देव सर्वांत उंचाहूनही उंच, त्याला ते शोभते, असे त्यांचे म्हणणे. नियम करणाऱ्यालाही अपवादाची माया असते ती अशी.

नियमाचा जन्म किती साधेपणाने होतो याचे उत्तम उदाहरण शेजारच्याच घरात आहे. मोजता येणाऱ्या गोष्टींना 'लेस' म्हणू नये, 'फ्यूअर' म्हणावे, हा आज शाळेत शिकवला जाणारा नियम. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने 'फ्यूअर' आपल्याला अधिक बरे वाटते, असे नम्रपणे सुचवले होते. ती एका माणसाची आवड होती. पुढच्या पिढ्यांनी तिचा कायदा केला.

'टाइम्स मोर'वरचा आक्षेप विसाव्या शतकातल्या संपादनाच्या मार्गदर्शिकांमध्ये वारंवार भेटतो. १९८९ साली मेरिअम-वेब्स्टरचा इंग्रजी शब्दप्रयोगकोश निघाला. त्याने या रचनेचा इतिहास सुमारे तीनशे वर्षांचा असल्याचे नोंदवून आक्षेपाला फारसे महत्त्व दिले नाही. वाचक बहुधा गोंधळत नाही, असे त्याचे मत. गॅलिलिओ आणि न्यूटन यांच्या साक्षी पाहता इतिहास कोशाच्या बाजूने आहे, हे मला मान्य करावे लागते. वाढीचा अर्थ हवा असेल तेव्हा इंग्रजीजवळ वेगळी सोय होतीच. 'ॲज मच अगेन' म्हणजे तेवढेच आणखी, दुप्पट. 'हाफ ॲज मच अगेन' म्हणजे निम्मे आणखी, दीडपट. ते काम 'टाइम्स मोर'वर टाकायची गरजच नव्हती.

पण मग विसाव्या शतकातल्या संपादकांना एकदम चार का दिसू लागले? माझा तर्क असा आहे की याला टक्केवारी कारणीभूत आहे. 'शेकडा' हे माप व्यापाऱ्यांचे, फार जुने. व्याज, नफा, तोटा अशा मूळ रकमेवर होणाऱ्या वाढी-घटीसाठी ते वापरले जाई. शंभर टक्के अधिक म्हणजे दुप्पट, दोनशे टक्के अधिक म्हणजे तिप्पट, याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. विसाव्या शतकात वर्तमानपत्रे टक्केवारीने भरून गेली आणि वाचकाचा कान तिला सरावला. मग 'दोनशे टक्के अधिक' म्हणजे तीनशे आणि 'दोनपट अधिक' म्हणजे दोनशे, हे कसे चालेल? शब्द तोच, 'अधिक'. एकाकडून तो बेरीज करवून घेतो आणि दुसऱ्याकडून गुणाकार. जुन्या रचनेत खोट नव्हती. तिच्या शेजारी नवा भाडेकरू राहायला आला आणि भिंत दोघांत एकच निघाली.

'च्या', 'पेक्षा' आणि 'ने'

इंग्रजी वाक्यांची मराठी करताना आणि मराठीची इंग्रजी करताना आपल्या पिढ्यान्‌पिढ्या घडल्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला ज्यांनी गिरवल्या त्यांना हे सांगायला नको. म्हणून हा प्रश्न परक्या घरचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडेही तीन वाटा आहेत. 'शंभराच्या तिप्पट' ही पहिली. इंग्रजीतल्या 'थ्री टाइम्स द नंबर ऑफ' इतकीच ती स्वच्छ. 'शंभरापेक्षा तिप्पट' ही दुसरी. 'पेक्षा' हा शब्द 'अपेक्षा'वरून आलेला. त्याच्या तुलनेने पाहता तिप्पट, एवढाच त्याचा आशय, म्हणून तोही सहसा फसवत नाही. मराठी मनातला हा 'पेक्षा' इंग्रजीत उतरवताना 'दॅन' होऊन बसतो आणि आपल्या इंग्रजीत 'थ्री टाइम्स मोर दॅन' अगदी सहज येते.

तिसरी वाट 'तिपटीने वाढले' ही. इथे 'ने' आला आणि गडबड झाली. 'दहा रुपयांनी वाढले' यात दहा रुपये हा फरक आहे. मग 'तिपटीने वाढले' म्हणजे तीनशे झाले की चारशे? त्याचा उलटा भाऊ 'तिपटीने कमी'. हा तर आणखी अवघड. 'एक तृतीयांश झाले' किंवा 'दोन तृतीयांशांनी घटले' असे म्हणायला जीभ जड का व्हावी? ज्या भाषेत मुले पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करीत, त्या भाषेला अपूर्णांकांचे वावडे असण्याचे कारण नाही. 'दीड' हा शब्दच पाहा. तो 'द्व्यर्ध'वरून आला, म्हणजे 'दुसरा अर्धा'. 'अडीच' म्हणजे 'तिसरा अर्धा', 'औट' म्हणजे 'चौथा अर्धा'. 'सव्वा'त पाव मिळवलेला आहे, 'पाऊण'मध्ये पाव वजा केलेला आहे. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांना वेगवेगळी घरे देणारी ही भाषा आहे.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारले तर मी त्याला एक कायदा वाचायला सांगेन. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेला, २०१३ चा भूसंपादन कायदा. ग्रामीण भागात जमीन घेतली तर मोबदला कसा काढायचा, हे त्यात पायरी-पायरीने दिले आहे. बाजारभावाला एका गुणांकाने गुणायचे. हा गुणांक १ ते २ यांच्या दरम्यान असतो. येणाऱ्या रकमेत जमिनीवरच्या झाडा-विहिरींचे मोल मिळवायचे. मग जी रक्कम होईल तिच्या शंभर टक्के इतकी दिलासा रक्कम आणखी द्यायची. झाडे-विहिरी आणि व्याजासारख्या इतर बाबी बाजूला ठेवल्या, तर गुणांक २ असताना हिशेब असा होतो: बाजारभाव दहा लाख, गुणून वीस लाख, शंभर टक्के मिळवून चाळीस लाख. गावोगावी ज्याला 'चौपट मोबदला' म्हणतात तो हा.

या एका हिशेबात आपल्या लेखातली दोन्ही पात्रे शेजारी शेजारी उभी आहेत. गुणांक गुणतो, टक्केवारी मिळवते. कायद्याच्या इंग्रजी मसुद्याने दोघांना वेगळी क्रियापदे दिली आहेत. 'टाइम्स मोर'चा तिथे मागमूस नाही. पण तोच मजकूर चावडीवर पोहोचेपर्यंत 'बाजारभावाच्या चौपट' हा 'बाजारभावापेक्षा चौपट जास्त' होऊ शकतो. पहिल्याचा अर्थ चाळीस लाख. दुसऱ्याचा अर्थ कोणी पन्नास लाख असा लावला, तर तो अडाणी ठरत नाही. त्याने 'जास्त' या शब्दावर विश्वास ठेवला, एवढेच. आणि ज्याची जमीन जायची आहे त्याच्यासाठी हा फरक त्या जमिनीच्या संपूर्ण बाजारभावाएवढा असतो.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या इंग्रजी पुस्तकात 'टाइम्स मोर', 'टाइम्स ग्रेटर' दिसले की ते गुणाकाराचे समजून वाचावे आणि लेखकाला उगाच चुकीचे ठरवू नये. तीनशे-चारशे वर्षांची सोबत त्याच्या बाजूने आहे. स्वतः लिहिताना मात्र 'टाइम्स ॲज' किंवा 'टाइम्स द नंबर ऑफ' वापरावे, आणि आकडा लहान असेल तिथे तर कटाक्षाने. मराठीत 'च्या तिप्पट' म्हणावे, 'तिपटीने जास्त' टाळावे आणि 'तिपटीने कमी'ला रजा द्यावी. ज्या मापाची तुलना आहे त्याचे नाव घ्यावे, लांबी असेल तर लांबी, क्षेत्रफळ असेल तर क्षेत्रफळ. आणि शक्य असेल तिथे पटीच्या शेजारी दोन्ही मूळ आकडे ठेवावेत, जसे स्नो यांनी ३१५ आणि ३७ ठेवले. मग कोणाला शब्द खटकला, तरी त्याला भागाकार करून पाहता येतो.